जिवाणूंची देवघेव आणि आपली फवारणी

शेतकऱ्यांच्या मासिकात जिवाणूंच्या आपसांतील देवघेवीवर लेख कशासाठी, असा प्रश्न पुष्कळ वाचकांच्या मनात येईल, व तो रास्तही आहे. ज्यास पावसाची, भावाची व मजुराची विवंचना आहे त्यास डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवांच्या व्यवहाराशी काय कर्तव्य? परंतु हा व्यवहार आपल्याच डाळिंबाच्या पानावर, आपल्याच म्हशीच्या कासेत व आपल्याच उकिरड्यावर चालतो, आणि त्यास भांडवल आपण पुरवितो, एवढे ध्यानात आले म्हणजे विषय परका राहत नाही. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. त्याची उमर महसूल खात्यात फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात गेली. तेव्हा जे वाचून व विचारून समजले ते दफ्तराच्याच भाषेत मांडतो.

जमिनीच्या हक्कात फेरफार दोन मार्गांनी होतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. एक मार्ग वारसाचा. बाप मयत झाला, मुलांची नावे लागली. दुसरा मार्ग खरेदीचा वा बक्षीसपत्राचा, ज्यात रक्ताचा काडीइतका संबंध नसलेल्या इसमाचे नाव सात-बाऱ्यावर चढते. आपण पिकांच्या, जनावरांच्या किंवा किडींच्या गुणांविषयी बोलतो तेव्हा पहिलाच मार्ग गृहीत धरतो. आपल्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. बीटी कपाशीस २००२ सालच्या मार्च महिन्यात परवानगी मिळाली. दोन जनुकांचे बियाणे २००६ साली आले. आणि २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यासह साऱ्या कापूस मुलखात अळीने बोंडे पोखरली ती कोणी विसरलेले नाही. ज्या थोड्या अळ्या त्या विषास पुरून उरल्या त्यांची संतती वाढली, इतर मेल्या, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाऊन अळीचा सारा वंशच तसा झाला. हा वारसाचा फेरफार होय. यास वर्षे लागली, परंतु बोंडअळीचा गुण हिरव्या अळीस किंवा मावा-तुडतुड्यास गेला नाही. जाऊ शकतच नव्हता.

जिवाणूंचे तसे नाही. त्यांच्यात दोन्ही मार्ग खुले आहेत, आणि दुसरा मार्ग फार वेगाचा आहे.

जिवाणूच्या देहात त्याच्या गुणांचा एक मोठा धागा असतो, त्यास आपण मूळ सात-बारा समजू. त्याखेरीज पुष्कळ जिवाणूंत एक लहानसा, वर्तुळाकार, सुटा धागा असतो. त्यास प्लास्मिड म्हणतात. हे जादा पान होय. जिवाणूच्या रोजच्या जगण्यास ते लागतेच असे नाही, पण त्यावर अडीनडीचे गुण लिहिलेले असतात, आणि त्यांपैकी एक गुण म्हणजे एखाद्या औषधास न जुमानणे. ज्याच्याजवळ असे पान आहे तो जिवाणू केसाहून अतिसूक्ष्म अशी एक दोरी बाहेर टाकतो, शेजाऱ्यास जवळ ओढतो, दोघांचे अंग एकमेकांस लागते, आणि त्या दोनपदरी धाग्याचा एक पदर शेजाऱ्याकडे सरकतो. मग दोघेही आपापला दुसरा पदर पुरा करून घेतात. या क्रियेस संयुग्मन असे नाव आहे. येथे जमिनीच्या व्यवहाराहून एक मोठा भेद आहे. जमीन बक्षीस दिली की देणाऱ्याची गेली. येथे देणाऱ्याचे काहीच जात नाही, तो केवळ नक्कल देतो. आणि ज्यास नक्कल मिळाली तो स्वतः दुसऱ्या दिवशी नकला वाटू लागतो. शिवाय घेणारा त्याच जातीचा असला पाहिजे असेही बंधन नाही. आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू रोगाच्या जिवाणूस हे पान देऊ शकतो.

हे कोणी पाहिले, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९४६ साली अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग नावाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणाने एडवर्ड टेटम यांच्यासह हा शोध लावला. त्यांनी आतड्यातील ई. कोलाय जिवाणूचे दोन अधू वाण घेतले. एका वाणास काही द्रव्ये स्वतः करता येत नसत, ती आयती द्यावी लागत. दुसऱ्यास ती येत, पण निराळीच काही येत नसत. दोन्ही एकत्र करून त्यांनी ज्या खाद्यात ही कोणतीच द्रव्ये नव्हती अशा खाद्यावर पेरले. एकट्याने दोघांपैकी कोणीही तेथे जगला नसता. तरीही सुमारे कोटीत एक या प्रमाणात ठिपके उगवले! अर्थात त्यांत दोघांचे गुण एकत्र आले होते. चार वर्षांनी, १९५० साली, बर्नार्ड डेव्हिस यांनी वाकड्या नळीच्या दोन बाजूंस हे दोन वाण ठेवून मध्ये अशी जाळी घातली की पाणी जाईल पण जिवाणू जाणार नाही. तेव्हा एकही ठिपका उगवला नाही. म्हणजे गुण पाण्यातून वाहत जात नाही, अंगास अंग लागावे लागते, हे सिद्ध झाले.

या प्रयोगांतील ताटलीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमचा सारा मुद्दा तिच्यातच आहे. समुद्रातील शेवाळापासून होणारा, ज्यास आपल्याकडे चायना ग्रास म्हणून ओळखतात तो पदार्थ शिजवून त्यात जिवाणूंचे खाद्य मिसळतात व काचेच्या बशीत थिजवितात. साध्या ताटलीवर सर्व जिवाणू वाढतात, लाखांच्या गर्दीत एक निराळा असला तरी तो ओळखू येत नाही. पण त्याच खाद्यात स्ट्रेप्टोमायसिन कालविले की एकोणीस लाख मरतात व ज्याच्याजवळ प्रतिकाराचे पान आहे तेवढाच उगवतो, आणि सारी ताटली त्याच्या वंशास मोकळी मिळते. यास निवडक पोषक माध्यम म्हणतात. औषध प्रतिकार उत्पन्न करीत नाही. औषध रान मोकळे करून देते. तणनाशकाने सारे तण जळून एखादेच चिवट रोप राहिले, तर पुढील सालात त्या रानात कोणाचे राज्य होईल, हे आपणास सांगावयास नको.

आता वाचकांनी मनाशी पहावे की, ज्या डाळिंबाच्या बागेवर तेल्याच्या भयाने एका हंगामात वारंवार स्ट्रेप्टोमायसिन फवारले जाते, ती बाग व ती काचेची ताटली यांत अंतर काय राहिले? पानावर, फळावर, झाडाखालच्या मातीत, टाकीच्या तळाशी व फवारणाऱ्याच्या हातापायांवर जिवाणू असतातच. प्रयोगशाळेतील मनुष्य एक ताटली करतो व ती काम होताच वाफेने निर्जंतुक करून टाकतो. आपण एकरावारी ताटल्या मांडतो व त्या उघड्याच ठेवतो.

ज्या पुडीविषयी आम्ही बोलत आहोत ती प्रत्येक कृषी सेवा केंद्रात वाचकांनी पाहिलेली आहे. सहा ग्रॅमची लहानशी पुडी, तीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन. हे स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे काही शेतीसाठी निघालेले द्रव्य नव्हे. १९४३ साली रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने मातीतील एका सूक्ष्म जीवापासून ते मिळविले, आणि क्षयरोगावरील पहिले गुणकारी औषध म्हणून जगाने त्याचे स्वागत केले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ज्या रोगाने घरेच्या घरे ओसाड केली त्याच्यावरील हे शस्त्र आज आपण कपाशीच्या करप्यावर, लिंबाच्या खैऱ्यावर व डाळिंबाच्या तेल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडात कालवून उडवितो. इतकेच नव्हे, तर बुरशीच्या ठिपक्यांवर व विषाणूने आकसलेल्या पानांवरही "असू द्या बरोबर" म्हणून ती पुडी टाकीत पडते. बुरशीवर व विषाणूवर हिचा कवडीचा उपयोग नाही, हे दुकानदार सांगत नाही, व आपण विचारीत नाही.

न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. क्षयाचा जिवाणू असल्या पानांची देवघेव करीत नाही. त्याचा प्रतिकार त्याच्याच वंशात घडतो. तेव्हा डाळिंबाच्या फवाऱ्याने गावात असाध्य क्षय पसरेल, असे जे कोणी सांगतात ते चूक सांगतात. धोका निराळा आहे व तो अधिक पसरट आहे. प्लास्मिडाच्या एकाच पानावर बहुधा एक नव्हे, अनेक औषधांचे प्रतिकार शेजारी शेजारी लिहिलेले असतात. त्यांतील एकाच औषधाने निवड केली तरी सारे पान शिल्लक राहते. एका सर्व्हे नंबरावर बोजा, विहिरीचा हक्क व वहिवाटीची वाट असे तिन्ही नोंदविलेले असले, तर जमिनीबरोबर तिन्ही जातात, तसेच हे. म्हणून स्ट्रेप्टोमायसिन फवारणारा शेतकरी नकळत अशा औषधांचाही प्रतिकार जोपासतो की ज्यांचे नाव त्याने कधी ऐकलेले नाही, व जी उद्या त्याच्याच नातवास शिरेतून द्यावी लागतील.

जपानात हेच प्रथम उघडकीस आले. तेथे १९५५ च्या सुमारास रक्ती आवेचा जो जिवाणू सापडला तो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन या चारही औषधांस एकदमच दाद देईना. चार प्रतिकार एकाच वेळी एका वंशात आपोआप उपजणे हे जवळजवळ अशक्य. १९५९ साली तेथील ओचियाई व अकिबा या संशोधकांनी दाखविले की, हे चारही गुण आतड्यातील ई. कोलाय व आवेचा जिवाणू यांच्यात संयुग्मनाने एकगठ्ठा जातात. पद्धत तीच: दोघांस एकत्र वाढवावयाचे व मग औषध घातलेल्या ताटलीवर पेरून पहावयाचे.

फळबागांचेही उदाहरण आहे. अमेरिकेत नाशपाती व सफरचंदाच्या जिवाणूजन्य करप्यावर अनेक वर्षे स्ट्रेप्टोमायसिनच फवारले जाई. १९७० नंतर प्रथम कॅलिफोर्नियातील बागांत औषध चालेनासे झाले. तेथील जिवाणूने आपल्याच धाग्यात बदल करून घेतला होता, म्हणजे वारसाचा फेरफार. पण पुढे मिशिगनमधील बागांतील जिवाणू तपासले तेव्हा प्रतिकार प्लास्मिडावर निघाला. आणि ज्या जनुकांनी तो दिला ती माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतील जिवाणूंत सापडणाऱ्या जनुकांच्याच घराण्याची निघाली. बाग आणि आतडे यांच्या मध्ये कुंपण नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

जनावरांविषयी तर आकडेच बोलतात. कोलिस्टिन हे माणसांच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. पण कोंबड्या व डुकरे लवकर वजनदार व्हावीत म्हणून ते खाद्यात मिसळीत. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, या औषधाच्या प्रतिकाराचे जनुक प्लास्मिडावर चढले आहे. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत जनावरांच्या ८०४ पैकी १६६ नमुन्यांत ते होते, रुग्णांच्या १३२२ पैकी १६ मध्ये. गोठ्यात जास्त, दवाखान्यात कमी. यावरून ओघ कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस आहे याचा अंदाज करता येतो. चीनने वाढीसाठी त्याचा वापर बंद केला व आपल्या केंद्र सरकारनेही १९ जुलै २०१९ रोजी खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत व मत्स्यशेतीत कोलिस्टिनचे उत्पादन व विक्री बंद केली. हे उत्तम झाले. परंतु आपल्या दुभत्या जनावरांच्या कासदाहावर कासेत पिळावयाच्या नळ्या आपण कोणाच्या सल्ल्याने वापरतो? पशुवैद्यकाच्या, की शेजाऱ्याच्या? दोन दिवसांत सूज उतरली की नळी बंद, आणि त्या दिवसांचे जे दूध डेअरीत घालता येत नाही ते वासरास पाजून टाकावयाचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. औषधाचा अल्प अंश असलेले दूध रोज पिणारे वासरू, हीही एक ताटलीच.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातील. तर मुंबईचे ऐका. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत हिंदुजा रुग्णालयात आतड्याच्या गोतातील जे २४ जिवाणू कार्बापेनेम या जबर औषधांस दाद न देणारे निघाले, त्यांपैकी २२ मध्ये नवी दिल्लीच्या नावाने ओळखले जाणारे प्रतिकाराचे जनुक होते. तेथील डॉक्टरांनीच ते २०१० साली प्रसिद्ध केले. पुढील वर्षी दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली: नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये व रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये तेच जनुक. त्या तपासणीतील एक बारीक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटली. या जिवाणूंचे संयुग्मन २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश उष्णतेस अधिक झाले. ३७ म्हणजे माणसाच्या अंगातील ऊब. ३० म्हणजे आपल्या भागातील डबक्याची, गटाराची व जनावरांच्या हौदाची वर्षातील कित्येक महिन्यांची ऊब!

आणि विषमज्वराचे तर विसरूच नये. सिंधमधील हैदराबाद शहरात २०१६ च्या नोव्हेंबरात जी साथ सुरू झाली तिच्यात मुलांस नेहमी दिले जाणारे सेफ्ट्रिअॅक्सोनही चालेना. रोगजंतूंची तपासणी झाली तेव्हा दिसले की, जुन्याच वाणाने एक नवे प्लास्मिड मिळविले होते, आणि तसेच प्लास्मिड ई. कोलायमध्ये आढळत होते. म्हणजे एरवी आतड्यात मुकाट्याने राहणाऱ्या जिवाणूने बक्षीसपत्र लिहून दिले असावे. आपल्याकडे तापाच्या रोग्यास अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात तेव्हा डॉक्टर रक्त तपासणीस पाठवितात व दोन-तीन दिवस थांबावयास सांगतात. नातेवाईक कंटाळतात. त्या दोन-तीन दिवसांत काय चालते? तेच, जे वर सांगितले. रोग्याचा जिवाणू ताटलीवर वाढवून कोणते औषध चालते व कोणते नाही हे पाहतात. त्या अहवालात "चालत नाही" असे किती ओळींत लिहून येईल, हे काही अंशी आपल्या फवारणीच्या वहीतही ठरते.

येथे एका आक्षेपाचा विचार करतो. आपल्या भागात बीटी बियाण्याविषयी पुष्कळांच्या मनात अढी आहे, आणि त्या कपाशीत कानामायसिन औषधाच्या प्रतिकाराचे जनुक असल्याचे ऐकून ते अधिकच बिथरतात. जनुक असते, हे खरे. ज्या मूळ वाणाशी जालन्याच्या महिकोने आपले वाण संकरित केले तो घडविताना मातीतील अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकडून जनुक रोपाच्या पेशीत घातले गेले (ही क्रियाही संयुग्मनाची जवळची बहीणच), आणि ज्या पेशींत ते शिरले त्या निवडण्यासाठी कानामायसिनची ताटली वापरली. पण झाडातील जनुक उलट जिवाणूकडे जाणे ही अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे. जे झाडात बंदिस्त आहे त्याचे भय बाळगावयाचे आणि जे प्लास्मिडावर बसून फिरावयास सिद्ध आहे त्याला पंपाने खतपाणी घालावयाचे, हा उलटा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोष काय शेतकऱ्याचाच? चिठ्ठीवाचून औषध विकणारे दुकानदार, सर्दीवर पाच दिवसांच्या गोळ्या देणारे डॉक्टर, तसेच पाटणचेरूसारख्या ठिकाणचे औषधांचे कारखाने, ज्यांच्या शुद्ध केलेल्या म्हणविणाऱ्या सांडपाण्यात २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले, यांचे काय? कबूल. त्यांचा वाटा मोठा आहे व आपला त्यामानाने लहान असेल. परंतु त्यांच्याविषयी ठराव करण्याचा अधिकार आपल्या संघास नाही. आपल्या दुकानात काय ठेवावे याचा आहे.

सरकारनेही डोळे उघडले आहेत. १७ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला, त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करण्याची योजना होती. पण कागद निघाला म्हणजे पुडी नाहीशी होते असे नव्हे, हे दफ्तरात जन्म काढलेल्या माणसास कोणी शिकवावयास नको.

मग तेल्याचे काय करावे? उपाय आहेत, व ते पुडीहून कष्टाचे आहेत. ज्या बागेत रोग आहे तेथे मृग बहाराचा मोह सोडून हस्त बहार धरावा, कारण पावसाळी ओल हाच तेल्याचा आधार. बागेस पुरता विसावा द्यावा. रोगट फांद्या व गळालेली पाने-फळे वेचून जाळावी. छाटणीची कात्री प्रत्येक झाडागणिक सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवावी. हे कोणी करीत नाही, आणि रोग झाडावरून झाडावर त्या कात्रीनेही जातो. कलमे निरोगी बागेतीलच घ्यावी. बोर्डो मिश्रण घरी करावे. ताम्राचा प्रतिकारही प्लास्मिडावर जाऊ शकतो, म्हणून तेही बेताने. पण ताम्र देऊन कोणी आजारी मुलाचा ज्वर उतरवीत नाही, हा भेद मोठा आहे. सोलापुरास २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याहून स्वस्त पडतो.

आणखी एक आशेची बाजू आहे. ते जादा पान बाळगणे जिवाणूस फुकटचे नाही, त्याचे ओझे होते. औषध बंद झाले की पान नसलेला हलका जिवाणू पुढे सरकतो व पानवाल्यांचे प्रमाण हळूहळू उतरते. ते अगदी शून्यावर येते असे नाही, पण उतरते. ताटलीतील औषध काढून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही दोन ठराव ठेवणार आहोत. संघाच्या विक्रीकेंद्रात ती पुडी ठेवू नये, हा पहिला. दुसरा असा की, दूध घालणाऱ्या प्रत्येक सभासदाने प्रतिजैविक दिलेल्या जनावराची तारीखवार नोंद ठेवावी, व दुसऱ्यांदा कासदाह झाल्यास दुधाचा नमुना तपासून घेतल्यावाचून नळी वापरू नये. पहिल्या ठरावास डाळिंबवाल्यांचा विरोध होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी अवश्य यावे, व येताना गेल्या तीन बहारांच्या फवारणीचा हिशोब, पुड्यांची संख्या आणि तेल्याने गेलेल्या फळांचे वजन लिहून आणावे.